मशीन जपानचं, तोंड मुंबईचं

कोल्हापुरात जुनी घड्याळं जमवणाऱ्याच्या हाती कधी ना कधी एक जाडजूड स्टीलचं सिको येतंच. पिवळी नाहीतर निळी तबकडी, भोवती लाल-निळं कडं, सहाच्या वर एक छोटी गोल तबकडी, चावीच्या वर एक आणि खाली एक बटण. हातात घेऊन हलवलं की टिकटिक सुरू होते, मिनिटकाटा पुढं सरकतो, पण मधला लांब काटा बारावर स्वस्थ उभा. नवख्याला वाटतं, सेकंदकाटा बंद पडलाय. तो बंद नसतो. बोलावल्याशिवाय तो निघत नाही एवढंच. वरचं बटण दाबा, धावू लागेल. पुन्हा दाबा, थांबेल. खालचं दाबा, झटक्यात बारावर परत.

हा क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ सांगता सांगता वेळ मोजणारं घड्याळ. या यंत्राची स्विस आणि जपानी वंशावळ जगभरच्या संग्राहकांनी पिढी-पिढी लावून ठेवली आहे. आपल्याकडे ते ज्या रूपात सापडतं, त्या रूपाची कुळकथा मात्र जपानमध्ये संपत नाही. मुंबईच्या गल्ल्यांतून आणि गावोगावच्या घड्याळजींच्या टेबलांवरून ती पुढं जाते. मला सांगायची आहे ती तिथली.

आधी मूळ पुरुष. १८१६ साली लुई म्वाने या फ्रेंच घड्याळकाराने ग्रहताऱ्यांची वेधमोजणी करण्यासाठी सेकंदाचा साठावा भाग दाखवणारं यंत्र केलं. ते जगासमोर आलं आपल्या काळात, म्हणून दोन शतकं पहिलेपणाचा मान निकोला रियसेकला मिळत राहिला. त्याने १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी बनवलेल्या पेटीत काटा नव्हताच. शाईचा ठिपका फिरत्या चकतीवर पडायचा आणि तीच वेळेची नोंद. ही दोन्ही यंत्रं हुशार होती खरी, पण मनगटापर्यंत पोचायला एक युक्ती लागणार होती. ती १८४४ साली अडॉल्फ निकोलने पेटंट केली. हृदयाच्या आकाराचा एक इवलासा धातूचा तुकडा. काटा कुठंही थांबलेला असो, हातोडीसारखी पट्टी त्या तुकड्यावर दाबली की तो घसरत घसरत आपल्या खोलगट बाजूला येऊन बसतो आणि काटा शून्यावर. आजही कुठल्याही यांत्रिक क्रोनोग्राफचं खालचं बटण दाबलं की पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तोच तुकडा काम करतो. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर वस्तू ती वाटते.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९१३ साली लाँजिनने मनगटी क्रोनोग्राफसाठी खास मशीन काढलं. १९१५ मध्ये ब्राइटलिंगने चावीतलं बटण वेगळं करून दोनच्या आकड्यापाशी आणलं आणि १९३४ मध्ये चाराच्या आकड्यापाशी दुसरं दिलं. आज आपल्याला ओळखीचा असलेला दोन बटणांचा चेहरा तेव्हापासूनचा. १९३७ च्या सुमारास लँडेरॉन ४८ हे स्वस्त आणि दणकट मशीन आलं आणि क्रोनोग्राफ श्रीमंतांच्या खिशातून सामान्यांच्या हातात उतरला. लँडेरॉनची एक खोड जुनी घड्याळं चाळणाऱ्याने ध्यानात ठेवावी: वरचं बटण फक्त सुरू करतं, थांबवणं आणि परत आणणं दोन्ही खालच्याकडे. वरचं दुसऱ्यांदा दाबून काटा थांबला नाही म्हणून चांगलं घड्याळ ‘खराब’ म्हणून मातीमोल भावात जातं.

१९६९ पर्यंत या सगळ्यांना चावी द्यावी लागत असे. त्या वर्षी हात हलवला की आपोआप चालणारा क्रोनोग्राफ करायची शर्यत लागली. जानेवारीत झेनिथने जाहीर केला. मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग आणि मंडळींनी मिळून केलेला आला. आणि जपानात सिकोने फारसा गाजावाजा न करता मे महिन्यात थेट दुकानात ठेवला, तो ६१३९. पहिला कोण, यावर संग्राहक अजून भांडतात. माझ्या मते जो माल गिऱ्हाइकाच्या हातात पडला तो पहिला, आणि त्या कसोटीवर सिकोचं पारडं जड आहे.

६१३९ ची खरी करामत आत आहे. जुन्या क्रोनोग्राफमध्ये बटण दाबलं की एक दातेरी चाक आडवं सरकून दुसऱ्यात गुंततं. दात दातावर आपटले तर काटा सुरुवातीलाच उडी मारतो. सिकोने चकत्या एकावर एक ठेवून दाबाने जोडल्या, उद्यमनगरातला कुठलाही मिस्त्री मोटारसायकलची क्लच प्लेट म्हणून ओळखेल तशा. त्यामुळे काटा उडी न मारता निघतो आणि तासन् तास चालू ठेवला तरी दातांची झीज होत नाही. या घड्याळाला वेगळा सेकंदकाटा नाही, म्हणून कित्येक जण क्रोनोग्राफच कायम चालू ठेवून तोच सेकंदकाटा मानतात. खुशाल ठेवावा. नोव्हेंबर १९७३ मध्ये स्कायलॅब ४ मधून अंतराळात गेलेल्या विल्यम पोग यांनी स्वतःचं पिवळं सिको बरोबर नेलं होतं. ८४ दिवस ते तिथं होतं. तेव्हापासून पिवळ्या तबकडीच्या ६१३९ ला जगभर ‘पोग’ म्हणतात आणि तिचा भाव बाकी भावंडांहून चढा असतो.

आता आपल्याकडे. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९६१ पासून एचएमटीने सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं काढली. जनता, पायलट, कोहिनूर यांनी दोन पिढ्यांची मनगटं सांभाळली, पण त्यांत वेळ मोजणारा काटा नव्हता. तो हवा असेल तर माल ‘फॉरेन’चाच. तो मुंबईला चोरवाटेने उतरायचा, मुसाफिरखाना आणि मनीष मार्केटमधून पसरायचा. सत्तरच्या दशकात आखाताची वाट उघडल्यावर कोकणातून तिकडं गेलेली माणसं सुट्टीवर येताना सिको, सिटिझन आणू लागली. कोकणाला घाटावरची बाजारपेठ म्हणजे कोल्हापूर, त्यामुळे ही घड्याळं इकडंही झिरपली. लग्नात जावयाच्या हातात घड्याळ बांधायची रीत होती, आणि दोन बटणांचं घड्याळ मिळालेला जावई मांडवात उठून दिसायचा.

घड्याळ आलं, पण त्याचे सुटे भाग आले नाहीत. चोरवाटेने आलेल्या मालाला कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठून असणार? काही वर्षांत रबराची कडी कडक झाली, पावसाळ्याची ओल आत शिरली, तबकडीवर काळे डाग आले, काट्यांवरचा चमकणारा रंग गळून पडला. मालकाला डाग असलेलं घड्याळ नको होतं. ते लग्नातलं होतं, ते नव्यासारखं दिसायला हवं होतं. मग तबकडी मुंबईला गेली. तिथं जुना रंग खरवडून नवा बसवायचा आणि त्यावर नाव व खुणा पुन्हा छापायच्या, हा धंदाच उभा राहिला होता. तबकडी परत आली ती अधिक भडक होऊन. मूळ निळा आकाशी झाला, पिवळा केशरी झाला, काही वेळा गिऱ्हाइकाच्या आवडीने हिरवाही. काटे दुसऱ्या घड्याळाचे बसले. बॉडी घासून घासून लखलखीत झाली.

परदेशी संग्राहक अशा घड्याळांना हिणवून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ती ‘अस्सल’ म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, त्यात शंका नको. पण वस्तू म्हणून त्यांच्याकडे तुच्छतेने बघणं मला मान्य नाही. ज्या देशात सुटा भाग मिळत नव्हता तिथं घड्याळ फेकून न देता चालतं ठेवण्याची ती रीत होती. कोल्हापूरला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतःच्या हाताने बनवला, आणि त्याच कॅमेऱ्याचा मानस्तंभ आज खरी कॉर्नरला उभा आहे. मिळत नाही ना, मग करू, हा या गावाचा स्वभाव. रंगवलेली तबकडी त्याच स्वभावाची धाकटी, जरा ओबडधोबड नातेवाईक आहे.

म्हणूनच तिला ओळखता यायला हवं. अस्सल घड्याळाची किंमत अस्सलाइतकी आणि रंगवलेल्याची रंगवलेल्याइतकी, हा न्याय दोघांनाही लागतो. बाजारात विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘ओरिजिनलच हाय की पावणं, मशीन बघा!’ आणि मशीन खरोखरच ओरिजिनल असतं. पाहायचं असतं तोंड.

पहिल्यांदा घड्याळ पालथं करावं. झाकणावर ६१३९ आणि त्यापुढं चार आकडे, उदाहरणार्थ ६००२ किंवा ६००५. हे बॉडीचं कूळ. पोग यांचं घड्याळ ६००५ होतं. शेजारी वेगळा क्रमांक. त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरी जागा महिन्याची. एक ते नऊ सरळ, ऑक्टोबरला शून्य किंवा ‘ओ’, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. म्हणजे सुरुवातीला ३ आणि मग ‘एन’ असेल तर नोव्हेंबर १९७३, पोग अंतराळात गेले तोच महिना. दशक लिहिलेलं नसतं, पण हे मशीन सत्तरचं दशक सरेपर्यंतच बनलं, त्यामुळे गोंधळ फक्त ९ या आकड्याचा: १९६९ की १९७९? तिथं शब्द कामी येतात. सुरुवातीच्या घड्याळांवर ‘वॉटर ७० मीटर प्रूफ’ असं लिहिलेलं असे. लौकरच ‘प्रूफ’ जाऊन ‘रेझिस्ट’ आलं आणि पुढं तबकडीवरून ती ओळच गेली. झाकण ९ आकड्याचं, त्यावर ‘प्रूफ’ आणि तबकडीवरही ‘प्रूफ’, तर तुमच्या हातात पहिल्या वर्षाचा माल आहे. झाकणावर ‘रेझिस्ट’ आणि तबकडीवर ‘प्रूफ’ असेल, तर दोन घड्याळांचं लग्न लावलेलं असण्याचा संभव जास्त.

मग आयग्लास डोळ्याला लावून तबकडीचा तळ बघावा. सहाच्या खाली, अगदी काठाला, ६१३९ ने सुरू होणारा एक बारीक संकेतांक असतो. त्याचे पुढचे आकडे झाकणाशी जुळतीलच असं नाही. ६००२ च्या बॉडीत ६००९ लिहिलेली तबकडी कंपनीनेच घातलेली असते, त्यामुळे आकडे वेगळे दिसले म्हणून घड्याळ खोटं ठरवू नये. पण संकेतांकच नसेल किंवा अक्षरं पसरलेली असतील, तर तबकडी रंगवलेली आहे. छोट्या गोल तबकडीत एकाआत एक बारीक वर्तुळाकार रेघा असतात. नवा रंग त्यांत भरून बसतो आणि ती सपाट, मंद दिसते. सिकोचं नाव या घड्याळावर धातूच्या अक्षरांत वरून बसवलेलं असतं, ते नुसतं छापलेलं दिसलं की पुढं बघायची गरज नाही. शेवटी घड्याळ अंधारात न्यावं. पन्नास वर्षांचा रंग फार चमकत नाही. काटे मंद आणि खुणा झगझगीत असतील, तर दोन्ही एका वयाचे नाहीत.

बॉडीवरही लिहिलेलं असतं. मूळ पृष्ठभाग बारीक रेघांचा आणि कडा धारदार. पट्टा बसतो तिथल्या कडा गोल झाल्या असतील तर ती घासलेली आहे, आणि घासून गेलेलं स्टील कुणी परत आणू शकत नाही. तबकडी बदलता येते, बॉडी नाही, म्हणून मी स्वतः डागाळलेल्या मूळ तबकडीचं आणि न घासलेल्या बॉडीचं घड्याळ चकचकीत घड्याळाच्या आधी उचलतो.

चालवून बघण्याची पद्धत या मशीनची वेगळी आहे. चावी फिरवून ते भरत नाही. चावी फिरवली की तबकडीच्या काठचं आतलं कडं फिरलं पाहिजे, आणि बऱ्याच घड्याळांत ते अडकलेलं असतं. चावी थोडी आत दाबली की तारीख बदलते, आणखी दाबली की वार. खालच्या बटणावर मधला काटा नेमका बारावर आणि छोटा काटा शून्यावर यायला हवा. अर्ध्या सेकंदाने इकडंतिकडं असेल तर कुणीतरी काटा काढून पुन्हा बसवला आहे. तो कुशल हाताने नीट बसू शकतो. काटा रांगत परत येत असेल, तर आत तेल वाळलं आहे किंवा त्या हृदयाच्या तुकड्याची झीज झाली आहे, आणि तो खर्च भावात धरावा.

लाल-निळं कडं नुसतं शोभेचं नाही. महामार्गावर गाडीत शेजारी बसा, किलोमीटरच्या एका दगडाशी बटण दाबा, पुढच्या दगडाशी पुन्हा दाबा. काटा ३६ सेकंदांवर थांबला तर समोर १०० आलेलं दिसेल, ४५ वर थांबला तर ८०. तोच तुमचा ताशी वेग. हे करून बघितल्याखेरीज क्रोनोग्राफ घेऊ नये.

अलीकडे ६१३९ साठी नव्या तबकड्या, काटे, कडी सर्रास बनून येतात. त्या मुंबईच्या जुन्या रंगकामापेक्षा कितीतरी सफाईदार असतात आणि ओळखायला अवघड. घड्याळ विकत घेतल्यावर ते ‘शुद्ध’ करण्याच्या हट्टाने रंगवलेली तबकडी काढून फेकू नये, असं मला कळकळीने वाटतं. नवी बसवायचीच असेल तर जुनी छोट्या पाकिटात घालून, घड्याळ कुणाचं, कुठल्या गावचं, कधी घेतलेलं, हे विक्रेता सांगेल तेवढं तारीखवार लिहून त्याच डबीत ठेवावी. झाकणावरच्या खुणाही तिथंच उतरवून ठेवाव्यात. दुरुस्ती करणारे झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने तारीख किंवा आपली खूण कोरत असत, आणि कुठल्या घड्याळजीच्या हातून ते किती वेळा गेलं हे सांगणारा तेवढाच पुरावा बहुतेक वेळा उरलेला असतो.