टोरांटोच्या बेटावरील विमानतळ

कॅनडातील टोरांटो शहर ओंटारिओ सरोवराच्या उत्तर काठी वसले आहे. शहरासमोर पाण्यात बेटांची एक चिंचोळी माळ आहे. ही मूळची बेटे नव्हेत. ती किनाऱ्याला चिकटलेली वाळूची जीभ होती, आणि १८५८ च्या एका वादळाने ती तोडून वेगळी केली. या माळेच्या पश्चिम टोकास एक लहानसा विमानतळ आहे. शहर आणि विमानतळ यांच्यामधील पाण्याची रुंदी अवघी १२१ मीटर. बरे पोहणारा माणूस ते पाणी दोन-तीन मिनिटांत ओलांडील. परंतु हे पाणी कसे ओलांडावे आणि पलीकडे कोणते विमान उतरावे, या दोन प्रश्नांवरून त्या शहरात कित्येक पिढ्या भांडत आल्या आहेत. पैकी दुसरा प्रश्न आज आम्ही हाती घेत आहोत. मात्र पहिल्यावाचून तो उलगडत नाही.

पहिला अंक १९३५ सालचा. बेनेट यांच्या सरकारने बेटाकडे जाणारा बोगदा खणावयास आरंभ केला होता. त्याच वर्षी निवडणूक झाली, मॅकेन्झी किंग सत्तेवर आले, आणि त्यांनी ते काम बंद करविले. खणलेले बुजविण्यात आले. तरी विमानतळ झालाच. १९३९ मध्ये तो उघडला आणि त्या वर्षी कॅनडास भेट देणाऱ्या सहाव्या जॉर्ज राजाचे नाव त्यास देण्यात आले. त्यापायी हॅनलन्स पॉइंट येथील जुनी वस्ती उठली. काही घरे तराफ्यांवर चढवून शेजारच्या बेटावर नेऊन ठेवली. ज्या मैदानात १९१४ साली बेब रूथ या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या बेसबॉलपटूने आपला पहिला व्यावसायिक ‘होम रन’ मारला, ते मैदानही गेले. थोडक्यात, या विमानतळासाठी लोकांनी जागा सोडली ती पहिल्या दिवसापासून.

मूळ योजनेत बेटावरील विमानतळ मुख्य आणि शहरापासून दूर असलेला माल्टनचा विमानतळ पर्यायी, असे ठरले होते. घडले उलटे. माल्टनभोवती शेते होती, धावपट्टी हवी तेवढी लांबविता येत होती. बेटाभोवती पाणी. जेटचे युग आले तेव्हा माल्टन वाढत गेला (आजचा पिअर्सन विमानतळ तो हाच), आणि बेट मागे पडले. महायुद्धात जर्मनांनी बळकावलेल्या नॉर्वेचे वैमानिक १९४० पासून येथे शिकले, एवढीच काय ती मधल्या काळातील मोठी गोष्ट.

आता कराराकडे वळू. १९८३ साली तीन पक्षांनी सह्या केल्या: टोरांटो शहर, बंदराचे आयुक्त आणि कॅनडाचे केंद्र सरकार. मुदत पन्नास वर्षे, म्हणजे २०३३ पर्यंत. जेट विमाने उतरणार नाहीत; अपवाद रुग्णांना नेण्या-आणण्याचा, आणीबाणीचा आणि वार्षिक प्रदर्शनातील हवाई कसरतींचा. धावपट्टी वाढणार नाही. पूल वा वाहनांचा बोगदा होणार नाही. आवाजाचीही एक मर्यादा नकाशावर रेषा आखून ठरविली गेली.

येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण पुढील सारा वाद याच ठिकाणी उगवतो. आवाजावर मर्यादा घातली असता जेटवर निराळी बंदी कशास? शिवाय, पंखा असलेल्या आधुनिक टर्बोप्रॉप विमानाचे एंजिन जातीने जेटच्याच कुळातले. तेही रॉकेलसारखे इंधन जाळून टर्बाइन फिरविते; फरक इतकाच की ती टर्बाइन पुढे पंखा फिरविते. तेव्हा करारातील बंदी तर्कशास्त्राच्या काट्यावर तोलली तर लंगडी दिसते. आमचे मत असे की, ती तर्कासाठी घातलीच नव्हती. आवाज मोजावयास यंत्र लागते, तज्ज्ञ लागतात, आणि तज्ज्ञांचे एकमत होत नाही. जेट आले की नाही, हे मात्र गॅलरीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाही कळते. सामान्य नागरिकाला स्वतः राखता येईल असे ते कुंपण होते.

कुंपण काढले असता काय होते, याचे उदाहरण लंडनमध्ये घडलेच होते. तेथील जुन्या गोद्यांमधील सिटी विमानतळ १९८७ साली उघडला तो आखूड धावपट्टीवर उतरणाऱ्या पंख्याच्या विमानांसाठी. १९९२ मध्ये धावपट्टी वाढली आणि जेट आले. ते विमान तुलनेने शांत होते, हे खरे. पण पुढील वर्षांत त्याच्यामागून आणखी किती आली ते लंडनकरांना विचारावे.

टोरांटोत २००३ साली पहिली कसोटी लागली ती पुलावरून. डेव्हिड मिलर यांनी पुलाला विरोध करून महापौरपद जिंकले आणि पूल बारगळला. केंद्र सरकारला त्यापायी २००५ मध्ये साडेतीन कोटी डॉलर भरपाई मोजावी लागली. विमानतळ आता संपला, असे अनेकांस वाटले. परंतु ऑक्टोबर २००६ मध्ये रॉबर्ट डिलूस यांच्या पोर्टर कंपनीने क्यू-४०० ही पंख्याची विमाने तेथून सुरू केली. कचेरी सुटल्यावर पाच-दहा मिनिटांत धक्का, तेथून होडीने पलीकडे, की तासाभरात ऑटावा. लोकांनी ही सोय उचलून धरली, आणि काही वर्षांतच प्रवाशांची संख्या वर्षाला वीस लाखांपलीकडे गेली. हे प्रवासी काही परके नव्हते. तेही त्याच शहराचे नागरिक होते, आणि त्यांची बाजू हलकी लेखणे अन्यायाचे होईल.

एप्रिल २०१३ मध्ये याच कंपनीने मूळ प्रश्न उकरून काढला. बॉम्बार्डियर या कॅनडाच्याच कारखान्याचे सी-सीरीज हे नवे जेट तिला हवे होते. बारा विमानांची सशर्त मागणी नोंदवून झाली होती. त्यासाठी १,२१६ मीटरची धावपट्टी दोन्ही टोकांस, सुरुवातीच्या आराखड्याप्रमाणे, १६८ मीटरांनी सरोवरात भर घालून वाढवावयाची होती. पुढे हा आकडा आणखी वाढला. विमान अतिशय शांत आहे, असा कंपनीचा दावा. गंमत अशी की, ते विमान तेव्हा अजून उडालेच नव्हते. त्याचे पहिले उड्डाण सप्टेंबर २०१३ चे. न ऐकलेल्या आवाजावर नगरसभेने मत द्यावे, अशी ही मागणी होती. (पुढे ते विमान खरोखरच शांत निघाले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.)

विरोधकांचा मुद्दा मात्र केवळ कानांचा नव्हता. लांब धावपट्टीबरोबर पाण्यातील निषिद्ध क्षेत्रही पसरणार की काय, ही शिडाच्या होड्यांवाल्यांची चिंता होती. धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच शाळा होती. वाढत्या मोटारी तिच्या दारावरून जाणार होत्या. आणि मागील वीस-तीस वर्षांत जुनी गोदामे जाऊन त्या काठावर बागा आणि हजारो बिऱ्हाडे आली होती. १९८३ चा करार ज्यांनी केला त्यांच्यासमोर ओसाड होत चाललेले बंदर होते. २०१३ मध्ये तेथे शहराची ओसरी झाली होती. एका बाजूस प्रवाशाची वाचणारी तासाभराची वेळ, दुसऱ्या बाजूस काठावर रोज राहणाऱ्याचा दिवस. आमचा कौल दुसऱ्या बाजूस आहे. प्रवाशाला पिअर्सन होता. काठावरील माणसाला दुसरा काठ नव्हता.

नगरसभेने २०१४ मध्ये ‘हो’ही म्हटले नाही, ‘नाही’ही नाही, अटी घालून आणि अभ्यास मागवून तिने निर्णय पुढे ढकलला. गाठ सोडविली ती भलत्याच हातांनी. २०१५ च्या निवडणुकीनंतर मार्क गार्नो हे वाहतूकमंत्री झाले. अंतराळात गेलेले पहिले कॅनडियन ते हेच. त्यांनी नोव्हेंबरमध्ये ट्विटरवरील दोन ओळींत जाहीर केले की, करार पुन्हा उघडणार नाही. तिघांपैकी एकाने नकार दिल्यावर बाकीच्यांना करण्यासारखे काही उरले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पायी जाण्याचा बोगदा मात्र खुला झाला होता. १९३५ साली बुजविलेले काम ऐंशी वर्षांनी पुरे झाले, आणि त्याविरुद्ध आता कोणी विशेष ओरडले नाही.

पुढे सी-सीरीज एअरबसच्या हाती जाऊन ए-२२० झाले. पोर्टरने एम्ब्रेअर जातीची जेट विमाने घेतली आणि १ फेब्रुवारी २०२३ पासून ती पिअर्सनवरून उडविली. जेटबंदीने कंपनी मेली नाही, हे येथे नोंदवून ठेवावे. २०२४ साली धावपट्टीच्या टोकांस सुरक्षेची मोकळी जागा करण्याचा नियम पुढे आला, तेव्हा नगरसभेने कराराची मुदत २०४५ पर्यंत वाढविण्यास मान्यता दिली, जेटला नव्हे. पण २०२५ मध्ये ओंटारिओ प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांनी विमानतळ वाढविण्याचा पुरस्कार केला आणि जुने फलक पुन्हा बाहेर निघाले. १९८३ च्या त्या कागदावर प्रांताची सही नव्हती.