आधी दप्तर उघडावे

मराठीत ‘दप्तर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुलाच्या पाठीवरची पिशवी ते दप्तर, आणि जुने कागद बांधून ठेवतात तेही दप्तर. शब्द फारसीतून आला. उर्दूत ‘दफ़्तर’ म्हणजे कचेरी. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हा शब्द आला की मुलांना एवढे सांगून पुढे जातो. त्या दोन अर्थांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे मात्र मला सूर्यमाळला गेल्यावर कळले.

सूर्यमाळ मोखाडा तालुक्यात, उंच माळावर आहे. पावसाळ्यात उतारावर नागली-वरई पिकते. दिवाळी झाली की अनेक घरांना कुलूप लागते आणि माणसे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलेही बरोबर जातात. अशा मुलांसाठी एक पेटी तयार करावी, असे आम्हा काही शिक्षकांच्या मनात होते. चित्रे, अक्षरपट्ट्या, मोजणीचे साहित्य, सगळे भट्टीवर नेता येईल असे. पेटी करण्याआधी पालकांना विचारले पाहिजे, म्हणून मी तीस प्रश्नांचा तक्ता केला होता.

पाड्यावरच्या एका अंगणवाडी सेविकाताईंनी तो शांतपणे वाचला. मग म्हणाल्या, “गुरुजी, हे समदं आधी पण विचारून गेलेत लोक. आम्ही सांगितलं, त्यांनी लिहून नेलं. ते कुठं ठेवलंय, ते आधी बघा ना.”

मला थोडा राग आला, आणि नंतर लाज वाटली. तक्ता घडी करून पिशवीत ठेवला. घरी येऊन वाचायला बसलो. जे सापडले ते कुठे लांब नव्हते, आमच्याच जिल्ह्यात होते.

१९४५ साली ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वेळी त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते. मॉन्टेसोरी पद्धत त्यांना नीट ठाऊक होती, तिचे साहित्यही ठाऊक होते. पण ते साहित्य महाग, आणि खेड्यातल्या मुलाला अनोळखी. मग शंख-शिंपले, बिया, खडे, बांबू यांतून साहित्य तयार झाले. पुढची अडचण मोठी होती. बालवाडी उघडली, तरी गावाबाहेरच्या वस्तीतली मुले तिथे येईनात. तेव्हा बाईंनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध पुन्हा नव्याने घ्यावा लागला. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, म्हणून ती येत नाही. त्यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली. तिला ‘विकासवाडी’ म्हणत. मुलगा गुरे चारायला जातो, म्हणून येत नाही. त्यावर उपाय म्हणून शिक्षक कुरणात गेले. ती ‘कुरणशाळा’. म्हणजे इथल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणाला तरी विचारलेला एक प्रश्न आहे आणि त्याला मिळालेले एक उत्तर आहे.

या साखळीचे दुसरे टोक शोधत गेलो तर युरोपात पोचलो. १८०१ साली फ्रान्समध्ये डॉक्टर इतार यांनी रानात सापडलेल्या एका मुलाला शिकवतानाची निरीक्षणे छापली. त्यांचे शिष्य सेगँ यांनी मतिमंद मुलांसाठी त्यावर पद्धत उभी केली आणि ग्रंथ लिहिला. मारिया मॉन्टेसोरी मुलांसाठी काम करू लागल्या तेव्हा त्यांनी हे जुने कागद शोधून काढले. नुसते चाळले नाहीत. दोघांचे लेखन इटालियनमध्ये उतरवून स्वतःच्या हाताने सबंध लिहून काढले, कारण एकेक शब्द तोलायचा होता. सेगँ यांचे साधन आधीच संस्थांमध्ये होते. पॅरिसमध्ये ते वापरातही होते, शिक्षकांच्या हाती ग्रंथही होता. पण मॉन्टेसोरींना दिसले ते असे की तिथे साधन वापरले जाते, पद्धत नाही. वस्तू टिकली होती, तिच्यामागचे कारण सुटले होते. त्यांनी ते कारण परत मिळवले, आणि १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले.

मला वाटते, आपल्याकडे नेमके तेच झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशभरात ३३ प्रकल्प होते. केंद्राचे नाव ठरले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण यांसह सहा सेवा एका ठिकाणी आल्या. हे लहान काम नव्हे. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीने किती मुले जगवली, हे मी शिक्षक म्हणून पाहतो. पण देशभर एकच साचा गेला. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. मुलाचा दिवस जिथे जातो तिथे आपण जायचे, हे त्या नावातले उत्तर मागे राहिले. मोखाड्यात तर मुलाचे अंगणच सहा-सात महिने दुसऱ्या तालुक्यात असते.

हे केवळ शिक्षणापुरते असते तर एवढे लागले नसते. १९९२ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर या डोंगरांत विचारपूस करणाऱ्यांची वाण पडली नाही. पण दर वेळी पहिल्यापासून विचारायचे म्हटले की सांगणाऱ्याचा एक दिवस आणि एक रोज बुडतो. शिवाय भरवसाही बुडतो. ताईंच्या बोलण्यात मला तो बुडालेला भरवसा ऐकू आला.

जुने कागद मिळाले म्हणजे ते जसेच्या तसे उचलावे, असे मात्र नाही. ताराबाईंनीही मॉन्टेसोरींचे ठोकळे उचलले नव्हते, कारण उचलले होते. जुने उत्तर हाती आले की त्याला काही गोष्टी विचाराव्यात. कोणाला विचारले होते? बापाला, आईला, की मुलाला? कोणत्या महिन्यात? मे महिन्यात भरलेला तक्ता आणि डिसेंबरात भरलेला तक्ता ही मोखाड्यात दोन वेगळी गावे असतात. डिसेंबरात जी घरे बंद होती, त्यांचे म्हणणे कागदावर आलेलेच नसते. आणि तेव्हापासून काय बदलले? कोसबाडचा मुलगा कुरणात होता, आमचा भट्टीवर आहे. बहिणीच्या कडेवरचे बाळ मात्र तसेच आहे.

असे पाहिल्यावर माझ्या तीस प्रश्नांतले चारच उरले. बाकीच्यांची उत्तरे आधीच दिलेली होती. ते चार प्रश्न घेऊन आम्ही भट्टीवरून परतलेल्या कुटुंबांकडे गेलो. पेटीही बदलली. ती एका मुलासाठी राहिली नाही. कडेवर बाळ असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला एका हाताने उघडता येईल, आणि बाळाच्याही हाती काही देता येईल, अशी झाली. कागदी पट्ट्या भट्टीच्या धुळीत टिकणार नाहीत म्हणून लाकडी केल्या. मोजायला बिया आणि खडे घेतले. ही युक्ती आमची नाही, बोर्डीची आहे.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. कोणाला विचारले, कोणत्या महिन्यात, काय कळले, कोणती वस्तू कशासाठी ठेवली आणि कोणती टाकून दिली, एवढे त्यावर लिहिले आहे. त्याची एक प्रत ताईंकडे दिली. पुढे कोणी तक्ता घेऊन पाड्यावर आला, तर त्याच्यापुढे ठेवायला त्यांच्याजवळ काहीतरी असावे.