आर्मास चौक, कुस्को

पेरू देशातील कुस्को नगराचा ऐतिहासिक मध्यवर्ती चौक. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मी. उंचीवरील हे नगर इंका साम्राज्याची राजधानी होते. चौकास तेव्हा हाउकायपाता म्हणत. साफी ओढ्यापलीकडे कुसिपाता हे दुसरे पटांगण होते. स्पॅनिश अमदानीत मधोमध घरांची ओळ उठून दोन्ही विलग झाली.

चौकाच्या भूमीविषयी पोलो दे ओंदेगार्दो या मुलकी अधिकाऱ्याचा वृत्तांत अत्यंत मोलाचा आहे. त्यानुसार इंकांनी येथील मूळ माती उपसून पवित्र वस्तू म्हणून अन्यत्र नेली आणि तिच्या जागी, सृष्टिकर्त्या तिक्सी विराकोचाविषयीच्या भक्तिभावाने, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील वाळू अँडीज पर्वत चढवून आणून तिचा सुमारे अडीच वितींचा थर पसरला. ही वाळू पोलोने १५५९ च्या सुमारास काढविली आणि कॅथीड्रलच्या व चार दगडी पुलांच्या बांधकामास लावली. उपसताना तीत सोन्याचांदीच्या लहान मूर्ती व पात्रे सापडली. वाळू जागेवरच राहावी म्हणून स्थानिक लोक भारी मोबदला देण्यास सिद्ध होते, हेही त्यानेच नमूद केले आहे.

वास्तुशिल्प : येथील वास्तूंतील इंका व स्पॅनिश शैलींचा संकर जेवढा अलंकरणात, त्याहून अधिक पायात व पाषाणात आहे. ईशान्येकडील कॅथीड्रल (प्रारंभ १५६०) विराकोचा इंका या राजाच्या मानल्या जाणाऱ्या किस्वारकांचा प्रासादाच्या जागी असून त्यासाठी साक्सायवामान येथील इंका बांधकामाचे घडीव चिरे वापरले गेले. जेझुइटांचे ला कोंपान्या चर्च आमारुकांचा या प्रासादस्थळी आहे. हा प्रासाद बहुधा वायना कापाक या इंका राजाचा असावा. १६५० च्या भूकंपानंतर हे चर्च नव्याने बांधावे लागले. त्याच्या बाजूच्या लोरेतो गल्लीत मात्र इंका भिंती आजही उभ्या आहेत. चुन्यावाचून सांधलेले, वर निमुळते होत आत कललेले हे पाषाणकाम पाहिल्यावाचून चौकाची थोरवी कळणे अशक्य आहे. चौकाभोवतीच्या कमानदार ओवऱ्या व वरचे लाकडी सज्जे स्पॅनिश धाटणीचे असून सज्ज्यांत मूर कलेची छाया दिसते. कॅथीड्रलमधील मार्कोस सापाता याच्या ‘अंतिम भोजन’ चित्रात ख्रिस्तापुढील ताटात अँडीजमधील कुय हा प्राणी वाढलेला आहे.

इतिहास : १५७२ मध्ये तुपाक आमारू या अखेरच्या इंका राजास व १८ मे १७८१ रोजी स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या बंडाचा नेता दुसरा तुपाक आमारू यास येथेच देहदंड देण्यात आला.

उत्सव : इंका काळी मृत राजांची जतन केलेली शरीरे समारंभपूर्वक या चौकात आणीत, हल्ली कॉर्पस क्रिस्तीच्या सणास निरनिराळ्या पॅरिशांतील संतमूर्तींच्या मिरवणुका येथे येतात.

१९५० च्या भूकंपात नगराची मोठी हानी झाली. कुस्को नगराचा १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.