आधी सांगायचे ते आधी : मराठी तांत्रिक लेखनाची वाटचाल



या व्याख्यानमालेत आजवर संतकवींवर, शाहिरांवर, नाटककारांवर व्याख्याने झाली. त्याच व्यासपीठावर यंत्रांच्या पुस्तिका लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला बोलावले, हे तुमचे औदार्य. मी पेशाने तांत्रिक लेखक. यंत्र कसे बसवावे, कसे चालवावे, बिघडले तर आधी काय पाहावे, हे लिहून देणे एवढेच माझे काम. आमच्या घरात या धंद्याला नाव नव्हते. माझी आत्या शेवटपर्यंत विचारत असे, "अरे, लिहितोस म्हणतोस, मग तुझं पुस्तक कुठे आहे?" पुस्तके होती, साठ-सत्तर तरी होती. पण एकावरही माझे नाव नव्हते आणि एकही मराठीत नव्हते.

या धंद्याला मराठीत पूर्वज आहेत काय, हा प्रश्न मला एका अपघाताने पाडला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. बडोद्याजवळच्या एका कारखान्यात वाफेवर चालणारे एक यंत्र होते. त्याची इंग्रजी पुस्तिका मी लिहिली होती. सहाव्या कलमात मी लिहिले होते, झाकण उघडा. त्याच्या खालच्या ओळीत, ठळक अक्षरांत, चौकटीत इशारा होता : झाकण उघडण्यापूर्वी वाफेचा दाब उतरवा. यंत्रावरच्या गड्याला इंग्रजी येत नव्हते. पर्यवेक्षक शेजारी उभा राहून एकेक ओळ वाचून गुजरातीत सांगत होता आणि गडी तसतसे करत होता. सहावे कलम ऐकताच त्याने झाकण उघडले. चौकटीतला इशारा त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा हात भाजला होता. तो खानदेशातला, मराठी बोलणारा. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा रागावला नाही. एवढेच म्हणाला, "भाऊसाहेब, ते आधी लिहायला पाहिजे होतं ना."

पुस्तिकेत चूक नव्हती, सगळी माहिती होती. क्रम चुकला होता आणि भाषा चुकली होती. त्यानंतर काही वर्षांनी सुट्टीत जुनी पत्रे वाचताना मला शिवछत्रपतींच्या काळातले एक पत्र भेटले. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्करातल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. रयतेला त्रास देऊ नये, तिच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या अर्थाने ते पत्र नेहमी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण तांत्रिक लेखकाच्या डोळ्यांनी वाचले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते.

पावसाळा तोंडावर आहे. दाणा आणि गवत आताच उधळून टाकले तर पुढे मिळणार नाही आणि घोडी मरतील, हे पत्र आधी सांगते. मग आगीकडे वळते. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी गुडगुडी ओढायला विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा तसाच जळता ठेवील. जळती वात उंदीर उचलून नेईल आणि गंजीला आग लागेल. गवत गेले की घोडी गेली, घोडी गेली की लष्कर गेले. ही साखळी एकेका कडीने मांडलेली आहे. नुसते "दिवे विझवा" असे लिहून भागले असते, पण पत्र उंदीर दाखवते. ज्याला उंदीर दिसला तो दिवा विझवतो. आणि हे सारे आग लागण्यापूर्वी, पावसाळ्यापूर्वी, ज्यांनी वाचायचे त्यांच्या बोलीत लिहिलेले आहे. माझ्या चौकटीतल्या इशाऱ्यात यातले काहीच नव्हते.

दुसरा पूर्वज रामचंद्रपंत अमात्य. १७१५ च्या सुमारास लिहिलेले त्यांचे आज्ञापत्र राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवले जाते. त्यातले दुर्गप्रकरण मात्र सरळसरळ देखभालीची पुस्तिका आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि स्थळ तर सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी करावी. एकाच पाण्यावर विसंबू नये. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा. दारू, बाण वगैरे आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून ठेवावे. कोणी करायचे, किती दिवसांनी करायचे, केल्याची खूण काय ठेवायची, ही तिन्ही उत्तरे त्यात आहेत. कोकणातल्या पावसात दारू सर्दावते, हे ज्याने पाहिले त्यानेच हे लिहिले. कारखान्यातल्या देखभालीच्या तक्त्यात आजही हेच तीन रकाने असतात.

तिसरे उदाहरण शब्दांचे. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी-अरबी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश दहा वर्गांत विभागलेला आहे. त्यात दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे, आणि एक स्वतंत्र लेखनवर्ग आहे. लेखन हे गड आणि शस्त्र यांच्याइतकेच राज्याचे अंग मानले गेले, ही गोष्ट आम्हा कारकुनांच्या वंशजांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या कोशाचा दुसरा धडा मात्र कडू आहे. प्रधानांची संस्कृत नावे रुजली, तर कारखाना, दप्तर, हवालदार, तारीख हे शब्द हलले नाहीत. राजाज्ञेने शब्द सुचवता येतो. तो रोज वापरणाऱ्याने स्वीकारला तरच जगतो.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. रंगकाम, यंत्रकाम, बांधकाम असे विषय देशी भाषेतून शिकवावेत, हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. आता एक अडचण पाहा. शिक्षक वर्गात उभा राहिला, समोर सुताराचा आणि रंगाऱ्याचा मुलगा बसला, पण पुस्तक कुठे होते? रसायनातली क्रिया मराठीत किंवा गुजरातीत सांगायची तर शब्द हवे होते, आणि शब्द नुसते असून भागत नव्हते. वाक्य कसे रचायचे हेही ठरवायचे होते. म्हणून गज्जरांनी परिभाषा आणि ग्रंथरचना ही दोन्ही कामे अंगावर घेतली. कलाभवन ही जितकी कारागिरांची शाळा होती तितकीच ती तांत्रिक गद्याची कार्यशाळा होती. आज त्या इमारतीत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशाखा आहे. वर्ग इंग्रजीत चालतात.

१९३१ मध्ये बडोदे सरकारने श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू प्रसिद्ध केला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय मांडलेला हा ग्रंथ. राज्यव्यवहारकोशाने एक भाषा काढून दुसरी आणू पाहिली. कल्पतरूने सगळ्यांना एका पंगतीत बसवले. बहुभाषिक राज्यात राहणाऱ्या मराठी माणसाला सुचावी अशीच ही रीत. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या बांधवांनाही ती ओळखीची वाटेल. बाहेर एक भाषा, दप्तरात दुसरी, घरात तिसरी, आणि या तिन्हींमध्ये ये-जा करणारा एक लिहिणारा माणूस.

बेळगावकर मंडळींचे उदाहरण तर साहित्याच्या इतिहासात थेट जाऊन बसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला असून भागत नव्हते, तो समजावून सांगावा लागत होता. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. ते होते कारखान्याचे पत्रक. त्यातूनच 'किर्लोस्कर' हे मासिक वाढले, जे आपल्या आजी-आजोबांच्या घरी येत असे आणि ज्याच्या कथा-लेखांनी एक पिढी घडवली. ज्या मासिकाला आपण वाङ्मय म्हणतो त्याची मुळी नांगराच्या मातीत आहे.

आणि स्वयंपाकघर कसे विसरू? १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले. त्यांनी मापे वाटी-चमच्यांत दिली. लग्न होऊन परमुलखात गेलेल्या मुलीकडे तराजू नसतो, वाटी असते. वाचणाऱ्याच्या हाताशी काय आहे हे ओळखून लिहिणे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तो मी नोकरीत शिकण्याआधी आईच्या फडताळात होता.

आता पगारी पेशाविषयी थोडे. दुसऱ्या महायुद्धात नवी शस्त्रे आणि नवी यंत्रे अननुभवी हातांत द्यावी लागली, तेव्हा अमेरिकेत पुस्तिका लिहिणाऱ्यांची वेगळी जात तयार झाली. १९४९ मध्ये बायनॅक या संगणकासाठी जोसेफ चॅपलाइन यांनी वापरपुस्तिका लिहिली; संगणकाच्या पहिल्या पुस्तिकांमध्ये तिची गणना होते. १९५३ मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथे या लेखकांच्या संघटना निघाल्या, पुढे त्या एक झाल्या. भारतात ही नोकरी मोठ्या प्रमाणावर आली ती संगणक कंपन्यांबरोबर, १९९० नंतर. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे आपली अनेक मुलेमुली या कामात गेली. भाषेची आवड आणि यंत्राचे कुतूहल अशा दोन्ही गोष्टी असणाऱ्याला दुसरीकडे कुठे जागा होती? पण सगळे लेखन इंग्रजीत. २०२५ च्या जानेवारीत ती अमेरिकन संघटना दिवाळखोरीत जाऊन बंद झाली. आता यंत्रच पुस्तिका लिहू लागले आहे, मग तुमचे काय, असे तरुण सहकारी मला विचारतात. मी त्यांना चिपळूणच्या छावणीतला उंदीर सांगतो. गंजीजवळ कोण बसतो, रात्री कोण दिवा विसरतो, हे ज्याने जाऊन पाहिले आहे त्याच्या लेखनाला काम राहील.

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गायकवाड, होळकर, शिंदे यांच्याबरोबर किंवा त्यांच्या मागून या मुलखांत आले. काही तलवार घेऊन आले, पण पुष्कळसे आले ते बोरू घेऊन. कारकून हा शब्द आपण चेष्टेने वापरतो. त्या कारकुनांनी पागेचे नियम, कोठाराची मोजमापे, उत्सवाच्या सामानाच्या याद्या लिहिल्या. पुष्कळसे मोडीत, विरामचिन्हांवाचून, आणि नावाशिवाय. आज मोडी वाचणारे थोडे उरले आहेत आणि माळ्यावरचे रुमाल रद्दीत जात आहेत. घर विकताना पोथी जपली जाते, आजोबांचे दप्तर जपले जात नाही.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. पोथ्यांबरोबर असली दप्तरेही आपल्या संग्रहात घ्यावीत, आणि मोडी वाचू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून ती बालबोधीत उतरवून घ्यावीत, त्यांची नजर शाबूत आहे तोवर. हे गद्यही आपले आहे. त्याने कोणाला रडवले-हसवले नसेल, पण कोणाचे घोडे वाचवले आहे, कोणाचा हात वाचवला आहे.

माझ्या हातून एक हात वाचला नाही. अपघातानंतर मी त्या यंत्राची कलमे मराठीत आणि गुजरातीत एका कागदावर स्वतः लिहिली. पहिली ओळ होती : आधी वाफ उतरवा, ती हात भाजते. तो गडी बरा होऊन कामावर आल्यावर आम्ही दोघांनी तो कागद खळीने यंत्रावर चिकटवला. त्याने ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचले आणि म्हणाला, "आता बरोबर." पुढे ते यंत्र विकले गेले, तेव्हा कागद त्याच्यावरच होता. आत्याने विचारलेल्या पुस्तकाचे उत्तर द्यायचे झाले तर मी तो कागद दाखवीन.