बुरशीने घडवलेली चांदी आणि शेतातला पुरावा

किडीवर बुरशी सोडण्याच्या कल्पनेची सुरुवात रेशीम उद्योगाच्या नुकसानीतून झाली. इटलीत रेशमाच्या अळ्या मरून पडत आणि त्यांच्या अंगावर चुन्यासारखी पांढरी पूड चढे. ही पूड म्हणजे जिवंत बुरशी असून रोग तिच्यामुळेच पसरतो, हे आगोस्तिनो बास्सी यांनी 1835 मध्ये दाखवून दिले. आज कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या ‘बिव्हेरिया बॅसियाना’च्या नावात तेच बास्सी आहेत. पुढे 1879 मध्ये ओडेसा येथे इल्या मेचनिकोव्ह यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर मेटारायझियम आजमावली. आपल्याकडे उसातल्या हुमणीसाठी वापरतात ती हीच बुरशी. पण या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा अमेरिकेतल्या कॅन्ससने दिला. तिथे 1890 च्या दशकात फ्रान्सिस स्नो यांनी पिकाचा रस शोषणाऱ्या चिंच बगसाठी बुरशीने मेलेले किडे शेतकऱ्यांना वाटले. शेतकरी ते शेतात टाकत, कीड मरे, यशाची पत्रे येत. बिलिंग्ज आणि ग्लेन यांनी 1911 मध्ये मांडलेला निष्कर्ष मात्र वेगळाच होता: बुरशी त्या शेतांत आधीपासूनच होती. हवा दमट झाली की ती आपोआप बळावे; कोरड्या हवेत मुद्दाम टाकूनही फरक पडत नसे. शेजारच्या, काहीच न टाकलेल्या शेताशी तुलना आधीच झाली असती, तर इतकी वर्षे आणि इतका पैसा वाया गेला नसता.

किडीवर फवारलेल्या धातूंचा इतिहास याहून कठोर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1892 च्या सुमारास जिप्सी मॉथ या किडीवर वापरात आलेले लेड आर्सेनेट पुढे सफरचंदाच्या बागांत अनेक दशके फवारले गेले. डीडीटी आल्यावर ते मागे पडले, पण शिसे आणि आर्सेनिक जुन्या बागांच्या मातीत आजही सापडतात.

हे दोन प्रवाह एकत्र येण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि अब्सार अहमद यांच्या गटाने 2001 मध्ये व्हर्टिसिलियम बुरशीकडून चांदीचे नॅनोकण बनवून घेतले. नंतर फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमने, म्हणजे जिचा एक प्रकार हरभऱ्याला मर आणतो त्या बुरशीने, 5 ते 15 नॅनोमीटरचे कण पेशीबाहेर घडवले. बुरशीची विकरे आयनांचे धातूत रूपांतर करतात आणि तिची प्रथिने कणांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत. तीव्र रसायने लागत नाहीत, म्हणून या पद्धतीला ‘हरित’ म्हणतात. पुढे अशा कणांचे प्रयोग डासांच्या आणि पिकांवरच्या अळ्यांवरही झाले.

हरित आहे ती घडवण्याची रीत. शेतात पडते ती चांदीच. मात्रा अगदी अल्प असते, असे समर्थक म्हणतात आणि ते खरेही आहे. पण फवारणी दर हंगामात होते, आणि बीजाणू उन्हात मरतात तसा धातू मरत नाही. शिवाय चांदी जिवाणूंना मारते म्हणूनच ती जखमेच्या पट्ट्यांत वापरतात. मातीतल्या उपयोगी जिवाणूंना ती सोडून देईल असे मानायला आधार काय? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बुरशीला ओलावा लागतो, कणांना नाही, मग कोरडवाहू शेतकऱ्याने काय करायचे? ही गरज खरी आहे आणि तिच्यासाठी संशोधन चालूच राहिले पाहिजे. पण पुरावा बहुतांशी प्रयोगशाळेतल्या अळ्यांचा असताना बाजाराची घाई नको. न फवारलेल्या शेताशी तुलना आणि काही हंगामांची माती-तपासणी झाल्याशिवाय कृषी विद्यापीठांनी अशा कणांची शिफारस करू नये.