पेट्रोल मिळेल, स्वच्छतागृह मिळणार नाही

#थ्रेड

१/ १९४० च्या दशकातील अमेरिका. एक कृष्णवर्णीय कुटुंब मोटारीने दक्षिणेतील आप्तांकडे निघाले आहे. वाटेत पंपावर गाडी थांबते. मालक पेट्रोल भरतो, पैसे मोजून घेतो. मागे बसलेल्या लहान मुलीला लघुशंकेला जायचे असते. स्वच्छतागृह समोरच असते, पण तिच्यासाठी ते बंद असते. त्या काळी हा प्रसंग नित्याचा होता.

२/ या नकाराला कायद्याचे पाठबळ होते. १८९६ साली ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे परंतु समान’ हे तत्त्व मान्य केले. व्यवहारात त्यातले ‘वेगळे’ तेवढे काटेकोरपणे पाळले गेले. अनेक पंपांवर तीन दारे असत : पुरुष, स्त्रिया आणि ‘कलर्ड’. तिसऱ्या दारामागे कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष दोघांचीही सोय एकाच खोलीत असे. कित्येक ठिकाणी तर ते तिसरे दारही नसे.

३/ आगगाडीत आणि बसमध्ये वेगळ्या डब्याचा, मागच्या बाकाचा अपमान वाट्याला येई. म्हणूनच ऐपत येताच अनेक कुटुंबांनी स्वतःची मोटार घेतली. तिच्यात कोणी जागेवरून उठवत नसे. मात्र मोटारीला कुठेतरी थांबावे लागते आणि माणसालाही. स्वातंत्र्याची खरी परीक्षा तिथे होई.

४/ त्यामुळे सहलीची तयारी एखाद्या मोहिमेसारखी चाले. तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी बुटांच्या खोक्यांत भरली जात. पिण्याचे पाणी, पांघरुणे, जादा पेट्रोलचा डबा सोबत असे. आणि त्याच सामानात कॉफीचा एक रिकामा पत्र्याचा डबा किंवा झाकणाची बादली ठेवली जाई. तेच त्या कुटुंबाचे फिरते शौचालय.

५/ डबा नसेल तर रस्त्याकडेची झुडपे. पुरुषांचे एकवेळ निभावे. स्त्रिया, वृद्ध आणि मुले यांची कुचंबणा अधिक. निर्जन रस्त्यावर, त्यातही रात्री, गाडी थांबवणे धोक्याचे होते. ‘सनडाउन टाउन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावांत सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयांनी दिसताच कामा नये, असा दंडक होता. पुष्कळ आईबाप मुलांना खरे कारण सांगत नसत. गाडीत बसून जेवण्यातच मौज आहे, असे भासवत.

६/ या अडचणीवर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या व्हिक्टर ह्युगो ग्रीन या पोस्टमनने एक उपाय काढला. १९३६ साली त्याने ‘द नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीयांना प्रवेश देणारी हॉटेले, खानावळी, पंप, राहण्याची सोय करणारी घरे यांचे पत्ते तिच्यात असत. एसो कंपनीच्या पंपांवरही ती मिळे.

७/ पुस्तिकेमुळे मुक्कामाचा ठिकाणा कळे. पण दोन ठिकाणांमधल्या शेकडो मैलांत बंद असलेली दारे तिने उघडणे शक्य नव्हते. त्यासाठी दार बंद ठेवणाऱ्यालाच झळ बसायला हवी होती.

८/ तो मार्ग मिसिसिपीत सापडला. माउंड बायू हे गाव मुक्त झालेल्या गुलामांनी १८८७ साली वसवले होते. तेथील शल्यविशारद डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांनी १९५१ मध्ये ‘रीजनल कौन्सिल ऑफ नीग्रो लीडरशिप’ ही संघटना उभी केली. पुढच्याच वर्षी गाड्यांच्या बंपरवर तिची चिठ्ठी झळकू लागली. आशय सरळ होता : जेथे स्वच्छतागृह वापरता येत नाही, तेथे पेट्रोल घेऊ नका.

९/ या घोषणेत मोठे व्यवहारज्ञान होते. दार बंद ठेवणाऱ्या मालकाचा हात कृष्णवर्णीयाच्या पैशासाठी मात्र पुढे येतच होता. त्या हातावर पैसे ठेवायचे नाहीत, एवढेच लोकांना सांगायचे होते. हॉवर्ड यांच्या विमा कंपनीतला एक तरुण प्रतिनिधी विम्यासाठी गावोगाव फिरताना या चिठ्ठ्याही वाटत असे. त्याचे नाव मेडगर एव्हर्स.

१०/ बहिष्काराचा परिणाम झाला. अनेक पंपांवर कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वच्छतागृहे बांधली गेली. ती वेगळीच होती; विभाजनाची भिंत उभीच राहिली. तरीही मिसिसिपीसारख्या राज्यात संघटित ग्राहक काहीतरी पदरात पाडून घेऊ शकतो, हे सिद्ध झाले. एव्हर्स पुढे नागरी हक्क चळवळीचे मोठे नेते झाले. जून १९६३ मध्ये त्यांच्या घरासमोरच त्यांची हत्या झाली.

११/ त्याच उन्हाळ्यात ‘एनएएसीपी’चे प्रमुख रॉय विल्किन्स यांनी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे साक्ष दिली. त्यांनी सदस्यांना एका प्रवासाची कल्पना करायला सांगितले. दिवसाला किती मैल गाडी हाकणार? कुटुंब जेवणार कुठे? स्वच्छतागृह कुठे वापरणार? गौरवर्णीय सिनेटरांना हे प्रश्न कधी पडलेच नव्हते.

१२/ २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. सर्वांना खुली असलीच पाहिजेत अशा ठिकाणांच्या यादीत हॉटेल आणि खानावळीसोबत पेट्रोल पंपाचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘हार्ट ऑफ अटलांटा मोटेल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आधार होता आंतरराज्य व्यापाराचा : माणसाला वाटेत थांबता येत नसेल, तर प्रवास खुंटतो आणि व्यापारही. हॉवर्ड यांच्या चिठ्ठीनेही व्यापाराच्याच नाडीवर बोट ठेवले होते.

१३/ आपल्या पुस्तिकेची गरजच उरणार नाही असा दिवस येईल, अशी आशा ग्रीनने तिच्यातच छापली होती. १९६० साली तो वारला. पुस्तिकेची शेवटची आवृत्ती १९६६-६७ ची. कायद्यानंतरही काही पंपांवर किल्ली ‘हरवलेली’ असे, काही दारांवर ‘नादुरुस्त’ अशी पाटी लागे. पण आता त्या दारासमोर उभ्या असलेल्या मुलीच्या बाजूने देशाचा कायदा होता.