चास-कमान ते राजगृह

चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर गाठावे आणि तेथून पश्चिमेस वळावे. भीमेकाठी चास-कमान लागते. चास हे काशीबाई पेशव्यांचे माहेर, हे इतिहासप्रेमींना ठाऊक असते. याच परिसरात २६ जानेवारी १९३७ रोजी कटारिया कुटुंबात शकुंतलेचा जन्म झाला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत आहे. चौदाव्या वर्षी दीक्षा घेऊन ती साध्वी चंदना झाली. पुढील बारा वर्षे शास्त्राध्ययनात गेली.

उपाध्याय अमरमुनींच्या प्रेरणेने १९७३ मध्ये त्यांनी बिहारमधील राजगृही 'वीरायतन' उभारण्यास प्रारंभ केला. राजगृह व नालंदा परिसरात भगवान महावीरांनी चौदा वर्षावास केले, असे परंपरा सांगते. त्या पुण्यभूमीत चंदनाजींनी मंदिराइतकेच महत्त्व नेत्ररुग्णालयाला दिले. गोरगरिबांची दृष्टी तेथे विनामूल्य उपचारांनी वाचू लागली.

आक्षेप येणे स्वाभाविक होते, आणि तो उथळ नव्हता. इमारत म्हटली की आरंभ-समारंभ आला. माती, पाणी, अग्नी यांतील जीवांची विराधना आली. पंचमहाव्रतधारी साध्वीने त्यात पडावे काय? चंदनाजींचे म्हणणे असे की, दुःख न देणे ही अहिंसेची अर्धी बाजू झाली. समोरचे दुःख दूर करणे ही उरलेली अर्धी. आपले तीर्थंकर वीतराग आहेत. ते पूजेने प्रसन्न होत नाहीत, उपेक्षेने रुष्टही होत नाहीत. मग भक्ती वाहावी कोठे? प्रस्तुत लेखकास याचे उत्तर तपाच्या विवेचनात सापडते. सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, स्वाध्याय आणि ध्यान यांच्याच पंक्तीत बसविली आहे. परंपरेने तिचा अर्थ मुख्यतः साधुसेवा असा घेतला. चंदनाजींनी तिचे दार अनोळखी रुग्णासाठी उघडले.

१९८७ मध्ये त्यांना आचार्यपद मिळाले. जैन संघात हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या साध्वी मानल्या जातात. २६ जानेवारी २००१ रोजी, त्यांना ६४ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, कच्छ भूकंपाने हादरला. वीरायतन तेथे धावले आणि मुलांच्या शिक्षणासाठी तेथेच स्थिरावले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २२ एप्रिल २०२५ रोजी त्यांचा देह विसावला.

सन्मानाने मूळ वाद मिटला, असे म्हणता येणार नाही. पायी विहार करणाऱ्या साध्वीजींना वंदन करून उठलेला श्रावक आजही विचारतो, की रुग्णालय बांधणे हे साध्वीचे काम की आपले? चंदनाजींनी आपले उत्तर राजगृही विटांनी रचून ठेवले आहे.